घर रेखणारा आणि घर बांधणारा

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या इमारतीने चाळिशी ओलांडली आणि गेल्या वर्षभरात पुनर्विकासाचा विषय प्रत्येक सभेच्या विषयपत्रिकेवर येऊ लागला. छाननीनंतर आता दोन प्रस्ताव उरले आहेत. पहिला नेहमीच्या घडणीचा आहे: एक बांधकाम व्यावसायिक आणि त्याने फी ठरवून नेमलेला आर्किटेक्ट. दुसरा एका लहान संस्थेचा आहे; तिच्यात आराखडे करणारी आर्किटेक्ट आणि प्रत्यक्ष बांधकाम करणारा अभियंता हे निम्म्या-निम्म्या हिश्शाचे भागीदार आहेत. या दुसऱ्या प्रस्तावावरून सभासदांत दोन तट पडले. एका तटाचे म्हणणे असे की आर्किटेक्टने बिल्डरवर लक्ष ठेवायचे असते. तोच बिल्डर होऊन बसला तर कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे होईल. दुसरा तट म्हणतो की सगळे एकाच दारात मिळत असताना दोन दारे झिजवून डोक्याला ताप कशाला करून घ्यायचा? गेल्या तीन सभा या दोन वाक्यांभोवतीच फिरल्या. मी पंचवीस वर्षे साइटवर अभियंता म्हणून काम केले आहे आणि हा वाद ऐकताना मला सारखे वाटत राहिले की आपण भांडतो आहोत तो प्रश्नच मुळात चुकीचा मांडलेला आहे. आज आर्किटेक्ट हे कुंपण आहे, असे पहिला तट गृहीत धरतो. ते तसे नाही. दोन माणसे एकत्र आली की त्यांची जबाबदारीही आपोआप एकत्र येते, असे दुसरा तट गृहीत धरतो. तीही येत नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो. राहती घरे बांधायची असतील तर रेखणाऱ्याने आणि बांधणाऱ्याने एकत्र यावे, भागीदार म्हणून यावे, आणि घर उभे राहिल्यावर त्यातल्या दोषांना दोघांनी मिळून, आपापल्या नावानिशी आणि पैशानिशी उत्तरदायी राहावे. तपासणीचे काम मात्र या दोघांपैकी कोणाकडेही असू नये. ते तिसऱ्या माणसाकडे असावे आणि त्या तिसऱ्याचे पैसे घरात राहणाऱ्यांनी द्यावेत. आराखडा आणि बांधकाम वेगळे ठेवून आपण जे संरक्षण मिळवले असे समजतो, ते खरे तर आराखडा आणि तपासणी वेगळी ठेवून मिळते.

हे मत पुस्तकातून आलेले नाही, एका जिन्यातून आले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका तीन मजली इमारतीच्या साइटवर होतो. जिन्याच्या ड्रॉइंगमध्ये प्रत्येक पायरी साडेसहा इंच उंचीची दाखवली होती आणि स्लॅबपासून स्लॅबपर्यंतचा हिशेब अगदी बरोबर जुळत होता. सेंटरिंग लागले त्या सकाळी आमच्या मिस्त्रीने फळ्यांवर खडूने रेघा मारल्या, थोडा वेळ पाहत राहिला आणि मला म्हणाला, "साहेब, शेवटची पायरी चढणार." त्याचे म्हणणे साधे होते. मजल्यावरच्या फरशीचा थर मसाल्यासकट तीन इंचांचा येणार होता आणि पायरीवरचा दगड मसाल्यासकट दीड इंचाचा. म्हणजे खालची पहिली पायरी पाच इंचांची होणार आणि वरची शेवटची आठ इंचांची. कागदावर सगळ्या पायऱ्या सारख्या असूनही पायाखाली त्या सारख्या राहणार नव्हत्या. मी ठेकेदाराला सांगितले. त्याने सांगितले की ड्रॉइंगप्रमाणे काम करायचे, बदल केला तर बिल अडते. मी आर्किटेक्टच्या ऑफिसला पत्र लिहिले. तिथे त्या टप्प्याची फी कधीच चुकती झाली होती आणि जो मुलगा ते ड्रॉइंग करत होता तो नोकरी सोडून गेला होता. उत्तर आले तेव्हा स्लॅब पडून नऊ दिवस झाले होते. त्या जिन्यात शेवटच्या पायरीला माणसे आजही अडखळतात. म्हाताऱ्या माणसांनी तर तिथे कठड्याला घट्ट धरायची सवय लावून घेतली आहे. या साऱ्यात कोणी लबाडी केली नव्हती, कोणी सिमेंट चोरले नव्हते. आर्किटेक्टचे ड्रॉइंग त्याच्या कामापुरते बरोबर होते, ठेकेदाराचे काम ड्रॉइंगबरहुकूम होते, आणि ज्याला चूक दिसली होती त्या मिस्त्रीचे म्हणणे पोहोचेल असा रस्ताच त्या रचनेत नव्हता. स्वतंत्र आर्किटेक्टने या घराचे कोणते रक्षण केले?

आराखडा आणि बांधकाम यांची फारकत ही जगरहाटी आहे, पूर्वापार असेच चालत आले आहे, अशी एक समजूत या वादात दडलेली असते. ती खरी नाही. आपल्याकडच्या मानसार, मयमत अशा शिल्पग्रंथांत बांधकाम करणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले आहेत: स्थपती, सूत्रग्राही, वर्धकी आणि तक्षक. यातला सूत्रग्राही म्हणजे दोरी धरणारा, जमिनीवर आखणी करणारा, मापे सांभाळणारा. आजच्या भाषेत नकाशा ज्याच्या हाती तो. पण तो जागेवर दोरी धरून उभा असे. कागद पाठवून देऊन दुसऱ्या कामाला लागत नसे. स्थपती या सर्वांचा प्रमुख, आणि घडवणे हेच त्याचे काम. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराकडे जाणारे लोक पायरीवरच्या एका छोट्या शिलालेखाजवळ थांबतात: 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी'. तिथेच भिंतीवरच्या संस्कृत शिलालेखात विहिरी, तळी, बागा, रस्ते, खांब, हत्तीशाळा आणि राजवाडे हिरोजी इंदुलकरांनी निर्माण केल्याचे म्हटले आहे. कल्पना एकाची आणि काम दुसऱ्याचे, अशी विभागणी त्या लेखात कुठेही नाही. पुण्यातल्या वाड्यांचेही तसेच. चौकाचे माप किती, सोप्याची उंची किती, तुळईखाली खांब कुठे यायचा हे गवंडी, सुतार आणि घरमालक यांनी जोत्यावर उभे राहून ठरवलेले असे.

आपल्याकडे ही फारकत रुजली ती प्रामुख्याने इंग्रजी अमदानीत. गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात, १८५४ च्या सुमारास, सार्वजनिक बांधकाम खाते स्थापन झाले आणि सरकारी अभियंत्याने नकाशा व अंदाजपत्रक करायचे, निविदा काढायची आणि कमी दराच्या ठेकेदाराला काम द्यायचे, ही पद्धत देशभर पसरली. सरकारी पैशाच्या हिशेबासाठी ती सोयीची होती. पण कालवे आणि कचेऱ्या बांधण्याची ती पद्धत पुढे राहत्या घरांनाही तशीच लागू झाली. धरणाची भिंत आणि स्वयंपाकघराचा ओटा यांना एकच कार्यपद्धती कशी चालेल, हा प्रश्न त्या वेळी कोणाला पडला असेल असे वाटत नाही.

तरीही या फारकतीमागे एक फार चांगला विचार आहे आणि तो बाजूला सारून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जॉन सोन या इंग्रज वास्तुरचनाकाराने १७८८ मध्ये आपल्या पेशाची व्याख्या लिहून ठेवली. आर्किटेक्ट हा मालक आणि कारागीर यांच्यामधला माणूस आहे. मालकाचे हित त्याने पाहायचे, कारागिराच्या हक्कांचे रक्षणही त्यानेच करायचे. आणि मग ज्याचे काम मोजायचे, ज्याची किंमत ठरवायची, त्या ठेकेदाराच्या जागी तो स्वतः कसा बसू शकेल, असा त्यांचा सवाल होता. हा सवाल आजही तितकाच धारदार आहे. आपल्याकडे २०१६ च्या रेरा कायद्याने ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन घातले आणि काम जितके झाले तितकीच रक्कम त्यातून काढता येईल असे ठरवले. काम किती झाले हे प्रमाणित कोण करते? अभियंता, आर्किटेक्ट आणि सनदी लेखापाल. आर्किटेक्ट जर प्रकल्पाचा निम्मा मालक असेल तर चाळीस टक्के झालेले काम पन्नास टक्के झाले असे लिहिण्याचा मोह त्याला होणार नाही का? आमच्या सभेत एका भगिनींनी हा प्रश्न विचारला तेव्हा भागीदारीच्या बाजूने बोलणाऱ्यांपैकी कोणालाही धड उत्तर देता आले नाही. मला तो या वादातला सर्वांत वजनदार मुद्दा वाटतो.

पण त्याच प्रश्नाचा दुसरा अर्धा भागही विचारला पाहिजे. आज ते प्रमाणपत्र देणारा आर्किटेक्ट कोणाकडून फी घेतो? बिल्डरकडून. पुढचा प्रकल्प त्याला कोण देणार? तोच बिल्डर. मग सोन यांना अभिप्रेत असलेला मधला माणूस यात कुठे उरला? सोन यांच्या आर्किटेक्टला घरमालक नेमत असे, म्हणून तो ठेकेदारासमोर ताठ उभा राहू शकत असे. सदनिका विकत घेणारे शंभर जण आर्किटेक्ट नेमत नाहीत. बहुतेकांना त्याचे नावही फलकावरच वाचायला मिळते. म्हणजे स्वातंत्र्य नावापुरते उरले आहे, आणि त्या नावासाठी आपण जी किंमत मोजतो ती मात्र खरी आहे: घर कसे असावे हे जाणणारा माणूस घर बांधले जात असताना साइटवर नसतो. शिवाय तो भागीदार नसल्यामुळे दोषांची झळ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. रेराच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निदर्शनास आणून दिला तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून देण्याचे दायित्व प्रवर्तकावर, म्हणजे प्रकल्प उभारून विकणाऱ्यावर, आहे. आराखड्यामुळेच पश्चिमेच्या भिंतीतून पावसाळाभर पाणी झिरपत असेल तरी या कलमाखाली दारात उभे राहावे लागते ते प्रवर्तकाला.

मला स्वतःला याचा अनुभव आहे. माझ्या धाकट्या भावाने घेतलेल्या घरात पश्चिमेच्या खिडकीवरचा छज्जा इतका अरुंद होता की पहिल्याच पावसात गादी भिजली. बिल्डरने सांगितले की छज्जा आर्किटेक्टने काढला तसाच आहे. आर्किटेक्टच्या ऑफिसने सांगितले की त्यांनी मोठा काढला होता, साइटवर खर्च वाचवण्यासाठी छाटला गेला. दोघांनीही आपापले कागद दाखवले. भावाने शेवटी स्वतःच्या पैशाने पत्र्याचे छप्पर लावून घेतले. ते दोघे एकाच करारावर सही करणारे भागीदार असते तर छज्जा मोठाच झाला असता, असे मी म्हणणार नाही. पण भावाला दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलेले पाहावे लागले नसते.

भागीदारीविरुद्धचा दुसरा मोठा दाखला लंडनचा दिला जातो आणि तो द्यायलाच हवा. १४ जून २०१७ रोजी ग्रेनफेल टॉवर या रहिवासी इमारतीला आग लागली आणि ७२ माणसे गेली. वर्षभरापूर्वीच तिचे नूतनीकरण पूर्ण झाले होते, बाहेरून पेट घेणारे आवरण बसवले होते, आणि ते काम आराखडा व बांधकाम एकाच ठेकेदाराकडे सोपवणाऱ्या करारावर झाले होते. मग एकत्रीकरणाचा हा परिणाम पाहूनही आपण त्याचीच मागणी करायची का? या घटनेचा तपशील मात्र वेगळे काही सांगतो. तिथला आर्किटेक्ट आधी इमारतीची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने नेमलेला होता आणि नंतर त्याचा करार ठेकेदाराकडे वर्ग करण्यात आला. तो भागीदार नव्हता, हाताखालचा झाला होता. पुढे चौकशी आयोगापुढे प्रत्येक कंपनीने दुसऱ्या कंपनीकडे बोट दाखवले, इतके की आयोगाच्याच वकिलांनी या टोलवाटोलवीवर जाहीरपणे कठोर टीका केली. रेखणारा आणि बांधणारा यांना एका करारात गुंडाळणे वेगळे, आणि दोघांनी समान हक्काने, समान दायित्वाने उभे राहणे वेगळे. पहिल्या प्रकारात रेखणाऱ्याचा आवाज जातो आणि जबाबदारी कोणाचीच राहत नाही. आपल्याकडे 'टर्नकी' नावाने, म्हणजे आराखड्यापासून किल्लीपर्यंत सगळे एकाच ठेकेदाराकडे सोपवून, जे विकले जाते त्यातले बरेचसे या पहिल्या प्रकारात मोडते, आणि आमच्या सोसायटीतल्या दुसऱ्या तटाने एकाच दाराची भलामण करताना हा फरक लक्षात घेतलेला नाही.

खऱ्या भागीदारीचे उदाहरण त्याच देशात आहे आणि ते मला इतके बोलके वाटते की त्याच्याजवळ थोडे थांबतो. एरिक लायन्स आणि जेफ्री टाउनसेंड हे दोघे आर्किटेक्ट विद्यार्थिदशेपासूनचे मित्र. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या उपनगरांत एकीकडे बिल्डरांची एकसारखी, निर्जीव घरे वाढत होती आणि दुसरीकडे श्रीमंतांसाठी आर्किटेक्टने रेखलेले एखादे देखणे घर उभे राहत होते. मधल्या माणसाला चांगले घर मिळत नव्हते. या दोघांनी ठरवले की आपणच जमीन घ्यायची, आपणच रेखायचे आणि बांधून विकायचे. आड आला तो त्यांच्याच पेशाच्या संस्थेचा, रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सचा, नियम. आर्किटेक्टने विकासक होऊ नये असा तो नियम होता. सोन यांचाच विचार, पण आता नियमात घट्ट झालेला. तेव्हा टाउनसेंड यांनी संस्थेचे सदस्यत्व सोडले आणि ते विकासक झाले. लायन्स आर्किटेक्ट राहिले. पुढे लेस्ली बिल्सबी हे बांधकाम व्यावसायिक त्यांना येऊन मिळाले. 'स्पॅन' या नावाखाली १९४८ ते १९८४ या काळात दोन हजारांवर घरे उभी राहिली. हॅम इथली 'पार्कलीज' ही त्यांची १९५० च्या दशकातली वसाहत आज ब्रिटनच्या संरक्षित वारसा यादीत आहे.

या घरांत विशेष काय होते? घरे लहान आणि साधी होती, पण त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा सर्वांच्या सामाईक बागा होत्या, मोटारी कडेला ठेवलेल्या होत्या आणि जुनी झाडे शक्य तिथे राखलेली होती. ज्याने बांधकामाचे हिशेब पाहिले आहेत त्याला याचे मोल कळेल. पैसे कमी पडू लागले की कोणत्याही प्रकल्पात पहिली कात्री बागेला लागते, कारण बाग विक्रीच्या चटईक्षेत्रात मोजली जात नाही. आर्किटेक्ट बाहेरचा असेल तर तो फार तर निषेधाचे पत्र लिहील. तो आतला असेल तर हिशेबाची वही त्याच्याही समोर असते, आणि घराच्या आतली कोणती गोष्ट साधी केली म्हणजे बाहेरचे झाड वाचेल हे तो बांधणाऱ्याशी बोलून ठरवू शकतो. आणखी एक गोष्ट आपल्याला फार जवळची आहे. स्पॅनच्या वसाहतींत प्रत्येक घर घेणारा रहिवाशांच्या संस्थेचा सभासद होई आणि बागांची, सामाईक जागांची देखभाल ती संस्था करी. सहकारी गृहनिर्माण सोसायटीत आयुष्य घालवलेल्या मराठी माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ब्लॅकहीथ इथल्या त्यांच्या 'हॉलगेट' या इमारतीच्या प्रवेशमार्गात एक शिल्प आहे: काँक्रीटच्या जड तुळईखाली एक माणूस चेपला जातो आहे. नियोजन खात्याशी परवानगीसाठी झालेल्या दीर्घ लढ्याची ती आठवण. आणि ज्या संस्थेच्या नियमामुळे टाउनसेंड यांना बाहेर पडावे लागले, त्याच संस्थेने १९७५ मध्ये लायन्स यांना अध्यक्ष केले. अमेरिकेतल्या आर्किटेक्टांच्या संस्थेनेही १९७८ मध्ये बांधकामात उतरण्यावरचा आपला निर्बंध उठवला.

या भागीदाऱ्या व्यवहारात नेहमी तरल्या, असे मात्र नाही. केंट परगण्यात 'न्यू ॲश ग्रीन' हे आख्खे गाव उभारण्याचे काम स्पॅनने हाती घेतले, लंडनच्या महापालिकेने घरे घेण्याचे दिलेले आश्वासन १९६९ मध्ये मागे घेतले आणि ते काम दुसऱ्या कंपनीच्या हाती गेले. कॅलिफोर्नियात जोसेफ आइकलर या बिल्डरने अँशेन व ॲलन, आणि पुढे क्विन्सी जोन्स यांच्यासारख्या आर्किटेक्टांशी वर्षानुवर्षे जोडीने काम करून सामान्य मध्यमवर्गीयांसाठी सुमारे अकरा हजार घरे बांधली, आणि तरीही त्यांची कंपनी १९६७ मध्ये दिवाळखोरीत गेली. चांगली घरे बांधणारा माणूस पैशाच्या गणितात बुडू शकतो, आणि पुनर्विकासात तो बुडाला तर भाड्याच्या घरात अडकून पडणारे आपणच असतो. म्हणून लहान भागीदारी संस्थेची आर्थिक ऐपत तपासा, बँक हमी मागा, असे आमच्यातले जे म्हणतात त्यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त ही भीती दोन्ही प्रस्तावांना सारखीच लागू आहे. अर्धवट राहिलेल्या पुनर्विकासाचे सांगाडे पुण्या-मुंबईत जागोजागी दिसतात आणि त्यातले बहुतेक भागीदारीचे नाहीत.

स्पर्धा संपते, असाही एक आक्षेप आहे. आराखडा हातात असेल तर चार ठेकेदारांकडून दर मागवता येतात. भागीदारी संस्थेकडे गेलो की ती सांगेल तो दर. वरवर पाहता हे पटते. पण ज्याने बिले तपासली आहेत तो सांगेल की कमीत कमी दराने घेतलेले काम 'एक्स्ट्रा आयटम'मध्ये, म्हणजे करारात नसलेल्या जादा कामांच्या बिलांत, वसूल होते, आणि एक्स्ट्रा आयटम जन्माला येतात ते बहुधा आराखड्यातल्या मोकळ्या राहिलेल्या जागांतून. उलट केरळमध्ये आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी ठेकेदाराला फाटा देऊन, गवंड्यांना बरोबर घेऊन, साइटवरच आराखडा दुरुस्त करत घरे बांधली आणि ती स्वस्त पडली. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवणारी त्यांची भिंत पाव हिश्शाच्या आसपास विटा वाचवते. ती कागदावर काढता येते, पण गवंड्याला तिची गोडी लावायला रेखणारा माणूस भिंतीशी उभा राहावा लागतो. बेकर यांची रीत वीस मजली इमारतीला जशीच्या तशी चालणार नाही, हे उघड आहे. तिथे दोघांचे ज्ञान एका माणसात मावत नाही, म्हणूनच तर भागीदार हवा.

आपल्या राज्याने हा धडा एकदा फार मोठी किंमत देऊन गिरवला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादमधली गावे जमीनदोस्त झाली ती जाड दगडी भिंती आणि वर मातीच्या ओझ्याची छपरे असलेल्या घरांमुळे. त्यानंतर पुनर्वसनाच्या दोन वाटा झाल्या. सर्वांत जास्त हानी झालेली गावे नव्या जागी वसवली गेली. आराखडे दूर कुठेतरी झाले, बांधकाम संस्था आणि ठेकेदारांनी केले, आणि चौकोनी आखणीच्या त्या वस्त्यांत शेतीची अवजारे, गुरे आणि बाजेवरची बैठक कुठे सामावायची हे राहणाऱ्यांना मागाहून शोधावे लागले. दुसरीकडे हजारो गावांत घरमालकांनी सरकारी मदतीतून स्वतः सामान आणले, अभियंते गावात आले आणि गावच्याच गवंड्यांनी दुरुस्ती व मजबुतीकरण केले. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारा आरपार दगड का हवा, भिंतींवरून सलग पट्टा का फिरवायचा, हे तिथे गवंड्याच्या हाताला शिकायला मिळाले. अभियंत्यानेही गवंड्याकडून गावचा दगड ओळखायला शिकून घेतले असणार. सुरक्षिततेचे ज्ञान भिंतीत उतरले ते रेखणारा आणि बांधणारा एका ओट्यावर बसले तिथे.

आता पुन्हा त्या वजनदार प्रश्नाकडे येतो: मग तपासायचे कोणी? याचे उत्तर फ्रान्सने बऱ्याच आधी शोधले आहे. १८०४ च्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेतच आर्किटेक्ट आणि ठेकेदार या दोघांवर इमारतीबद्दल दहा वर्षांचे दायित्व घातले होते. १९७८ मध्ये तो कायदा नव्याने केला गेला, या दायित्वाचा विमा सक्तीचा झाला, आणि त्याच कायद्याने तांत्रिक तपासनीस हा वेगळा पेशा मानला. जो तपासनीस आहे त्याने आराखडा करायचा नाही आणि बांधकामही करायचे नाही, असा तिथला दंडक आहे. म्हणजे दायित्व दोघांचे मिळून आणि तपासणी तिसऱ्याची. सोन यांचा सवाल यात सुटतो, आणि मिस्त्रीने जिन्यात दाखवलेली चूकही वेळेवर ऐकली जाण्याची शक्यता निर्माण होते.

हे इथे करायला नवा कायदा लागेल, असेही नाही. रेरामध्ये आधीच म्हटले आहे की बांधणारा आणि विकणारा वेगवेगळे असतील तर दोघेही प्रवर्तक मानले जातील आणि संयुक्तपणे जबाबदार राहतील. आर्किटेक्ट स्वतः प्रवर्तक संस्थेत भागीदार झाली की तीही त्या जबाबदारीत येते. पाच वर्षांच्या दोषदायित्वातून तिला बाजूला होता येत नाही. आज आपण ज्या भागीदारीला घाबरतो आहोत, तीच आराखडा करणाऱ्याला कायद्याच्या कक्षेत आणते. उरला प्रश्न प्रमाणपत्राचा. ते बाहेरच्या आर्किटेक्टने आणि बाहेरच्या अभियंत्याने द्यावे, त्यांची नेमणूक सोसायटीने करावी आणि फी सोसायटीच्या हातून जावी, हे विकास करारनाम्यात एका कलमाने लिहिता येते. पुनर्विकासासाठी सोसायट्या प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमतातच. ज्याला आपण निविदा काढण्यापुरते वापरतो आणि मग विसरतो, त्यालाच ताबा मिळेपर्यंत तपासनीस म्हणून ठेवता येईल. त्यासाठी दर सभासदामागे काही हजार रुपये जास्त पडतील. छज्ज्याखाली पत्रा लावायला माझ्या भावाला त्याहून जास्त लागले होते.

गेल्या आठवड्यात आम्ही काही सभासदांनी कार्यकारिणीला विनंती केली आणि कार्यकारिणीने दोन्ही प्रस्तावकांना एकच पत्र पाठवले. त्यात तीन गोष्टी विचारल्या आहेत. आराखडा करणारी व्यक्ती दोषदायित्वाच्या काळात तुमच्याबरोबर संयुक्तपणे जबाबदार राहील का? कामाच्या प्रगतीची प्रमाणपत्रे आम्ही नेमलेल्या माणसाकडून घेण्यास तुमची तयारी आहे का? आणि वर्किंग ड्रॉइंग अंतिम होण्याआधी तुमचा मिस्त्री, तुमचा प्लंबर आणि आराखडा करणारी व्यक्ती यांची एक बैठक आमच्यासमोर होईल का? पहिल्या दोन प्रश्नांवर 'होय' आले तर मी भागीदारीच्या प्रस्तावाला मत देणार आहे, आणि नेहमीच्या घडणीच्या बिल्डरने आपल्या आर्किटेक्टला तशी सही करायला लावली तर त्यालाही मत द्यायला माझी ना नाही. तिसरा प्रश्न माझ्या आग्रहावरून घातला आहे. जिन्याची फरशी किती जाडीची येणार, हे मला त्या बैठकीत मिस्त्रीच्या तोंडून ऐकायचे आहे.